ऑर्डर ११ महिन्यांची आहे, बाबा

मेळघाट, ७ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, “कायम कधी होणार?” मी रेंज गेली असं सांगून फोन ठेवला. रेंज गेली नव्हती. मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून लिहायला बसले.

कायम कधी होईन, मला माहीत नाही. माझ्या नेमणुकीची ऑर्डर ११ महिन्यांची आहे. मग कामाचं मूल्यमापन, आणि ते बरं निघालं तर नवी ऑर्डर. मिळतं त्याला कागदावर पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. २५ हजार ठरलेले, आणि महिन्याच्या कामावर जास्तीत जास्त १५ हजार. ते १५ हजार घरखर्चात धरायचे नाहीत, हे मी पहिल्या दोन महिन्यांतच शिकले. म्हणून तुम्हाला सध्या ८ हजारच पाठवते. पेन्शन नाही. हे सगळं तुमच्यापासून लपवण्यासारखं नव्हतं, तरी मी लपवत होते.

आता इथलं सांगते. आमच्या उपकेंद्राचं नाव आता आयुष्मान आरोग्य मंदिर आहे, पण गावात सगळे दवाखानाच म्हणतात. सकाळी ओपीडी, दुपारून गृहभेटी. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर तपासायची, गरोदर बायांची नोंद ठेवायची, लहान मुलांचे दंड मोजायचे.

तीन आठवड्यांपूर्वी एका घरात चौदा महिन्यांच्या बाळाच्या दंडाला पट्टी लावली. आई, ही कागदासारखी पातळ पट्टी असते, हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे असलेली. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं की लाल. याचा दंड अकराही भरला नाही. पट्टी ओढली तर कातडीची घडी पडत होती. झबलं वर केलं तर पोटावर तीन काळसर डाग. पोट फुगलं की इथे तापलेल्या लोखंडाने चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. मी त्या आजीवर ओरडणारच होते. आशाताईने माझा हात दाबला आणि ती आजीशेजारी जाऊन बसली. बराच वेळ दोघी कोरकूत बोलल्या. पाण्याला डा म्हणतात, यापलीकडे मला तेव्हा काही कळत नव्हतं. नंतर समजलं की बाळाच्या आईला धारणीला, कुपोषित मुलांना ठेवून घेतात त्या केंद्रात, जायचं नव्हतं असं नाही. चौदा दिवस तिथे राहिलं तर मजुरी बुडणार, ही तिची अडचण होती. बुडीत मजुरी मिळते, जेवणही मिळतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी ती गाडीत बसली. परवा शनिवारी परत आली. बाळाचं वजन ६०० ग्रॅमने वाढलंय, आणि ते माझ्या ओढणीचं टोक चावत होतं.

आता ते घर कामासाठी खाली जाईल. इथली निम्मी गावं दिवाळीनंतर अशीच रिकामी होतात आणि होळीला परततात. होळीला मला त्याचा दंड पुन्हा मोजायचाय. माझी ऑर्डर मे अखेरपर्यंत आहे, तेव्हा तेवढं जमेल. जूनमध्ये दोन बाया बाळंत होणार आहेत, त्यांच्या वेळी मी इथे असेन की नाही, ते सांगता येत नाही. बाबा, पैशांपेक्षा मला याचीच भीती वाटते.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. आईकडून कळलं की कोणी तरी चार लाखांत कायमची जागा करून देतो म्हणून घरी येऊन गेला, आणि तुम्ही विहिरीकडचा तुकडा गहाण टाकायचा विचार करताय. तसं करू नका. पाया पडते. स्टाफ नर्सची जाहिरात निघेल तेव्हा मी फॉर्म भरणारच आहे. रात्री नऊ ते अकरा अभ्यास करते, लाइट गेली तर टॉर्चवर. लागले तर माझ्या मार्कांवर लागेन. तुम्ही एसटीत आधी किती वर्षं रोजंदारीवर होतात, ते आम्ही पाहिलंय. ड्यूटीच्या यादीत नाव नसलं तरी पहाटे चारला डेपोत जाऊन उभे राहायचात, कोणी कंडक्टर आला नाही तर आपल्याला गाडी मिळेल म्हणून. तेव्हा तुम्ही कुणाला एक रुपया दिला नव्हता. मलाही तसंच राहू द्या.

आई, जेवते व्यवस्थित. लसणाची चटणी संपली. गोधडी पुरते, पण पहाटे फार गारठा असतो, निळा स्वेटर पाठव.

होळीला दोघंही या. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला जाणारी एसटी धरा आणि हरिसालला उतरा. मी स्टँडवर उभी असेन. बाबा, घाटात वळणं फार आहेत, आईला खिडकीशी बसवा.

तुमची,
मनी