निसर्गावरच्या व्याख्यानांना एक खोली द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर हिवाळ्यात आपल्या अंकात भोरड्यांच्या, म्हणजे पळसमैनांच्या, थव्याचा मोठा रंगीत फोटो येतो. लोक तो कौतुकाने पाहतात, मोबाइलवर एकमेकांना पाठवतात. पण या भोरड्या येतात कुठून, सोलापूर जिल्ह्यात एवढ्या संख्येने का उतरतात आणि ज्वारी निघाली की जातात कुठे, हे समजावून सांगणारे व्याख्यान आपल्याच शहरात झाले, तेव्हा त्याची दोन ओळींची सूचनासुद्धा कुठे छापून आली नव्हती. ते व्याख्यान ऐकायला मी गेले होते. ते भरवणाऱ्या मंडळाने आता अशी व्याख्याने भरवायची कुठे, हा प्रश्न उभा राहिला आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या शहरात निसर्गप्रेमी लोकांचे एक मंडळ आहे. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी व्याख्यान आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच विषयाची फेरी, असा त्यांचा शिरस्ता आहे. फी नाही, सभासद होण्याची सक्ती नाही. मंडळाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांनी मला हे पत्र लिहायला सांगितलेले नाही आणि मी विचारले असते तर 'राहू द्या, ताई' असेच म्हणाले असते.

माझी नोकरी एस.टी.च्या हिशेब खात्यात झाली. माहेर मंगळवेढ्याकडचे, काळ्या मातीतले, मालदांडी ज्वारीचे. कणसात दाणा भरू लागला की आम्हा पोरींना शाळेआधी आणि शाळेनंतर पाखरे राखायला माळ्यावर उभे करत. हातात गोफण, शेजारी डबा बडवायला काठी. भोरडी म्हणजे चोर, एवढीच आमची ओळख. व्याख्यानात पहिल्यांदा नकाशावर तिचा रस्ता पाहिला. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशात तिची वीण होते, खडकांच्या कपारीत हजारोंच्या वसाहती असतात आणि पिल्ले वाढतात ती मुख्यतः टोळ आणि नाकतोड्यांवर. पिल्ले उडू लागली की जुलै-ऑगस्टपासूनच थवे आपल्याकडे यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात.

श्रोत्यांत उत्तर सोलापूर तालुक्यातले एक शेतकरी होते. ते उभे राहून म्हणाले, "टोळ ती तिकडं खाती. हितं आमची कणसं खाती, त्याचं काय?" वक्त्याने विषय टाळला नाही. नुकसान होते, आणि ज्याचे शेत थव्याच्या रात्रीच्या मुक्कामाजवळ आहे त्याचे जास्त होते, हे त्याने सरळ मान्य केले. मग हेही सांगितले की भोरडी इथेही नाकतोडे आणि अळ्या खाते, पळस-पांगारा फुलला की त्याच्यातला मध पिते आणि परागकण या झाडावरून त्या झाडावर नेते. शेतकऱ्याचे पूर्ण समाधान झाले नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते फेरीला आले, स्वतःच्या मोटारसायकलवर. हरभऱ्याच्या रानात उतरलेला थवा त्यांनी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिला आणि चोचीत नाकतोडा दिसल्यावर सगळ्यांना बोलावून दाखवला. त्यांना कुणी पटवत बसले नव्हते. आदल्या दिवशी ऐकलेले त्यांनी स्वतः तपासून घेतले.

या मंडळाच्या कामातले मला सर्वात मोलाचे वाटते ते हे, की व्याख्यान आणि फेरी त्यांनी एकमेकांपासून तोडली नाही. नुसती फेरी काढली तर लोक फोटो काढतात, डबा खातात आणि परत येतात. नुसते व्याख्यान ठेवले तर पडद्यावरची चित्रे पाहून घरी जातात. दोन्ही मिळून माणूस बघायला शिकतो. व्याख्यान बंद पडले तर फेऱ्याही काही दिवसांत सहली होतील, अशी मला भीती वाटते.

आणि ते बंद पडायच्या बेतात आहे. इतकी वर्षे जिथे व्याख्याने होत, तिथले भाडे आता लग्नकार्याच्या हिशेबाने आकारले जाते. फी न घेणाऱ्या मंडळाने ते कुठून भरायचे? दुसऱ्या एका ठिकाणी 'पुढच्या महिन्यात बघू' असे उत्तर मिळत राहिले. मागचे व्याख्यान एका देवळाच्या ओवरीत झाले. शेजारी आरती सुरू झाल्यावर वक्ते हात जोडून थांबले, आरती संपल्यावर पुढे बोलू लागले. ते सर्वांनी श्रद्धेने केले, पण दर महिन्याला असे चालायचे नाही.

कुणाला वाटेल की हा मोजक्या हौशी लोकांचा छंद आहे. अशांनी पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या सापांवरच्या व्याख्यानाला यायला हवे होते. त्या दिवशी शहराच्या पूर्वभागातले यंत्रमाग कामगार बायकापोरांसह आले होते, उभे राहायला जागा नव्हती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांची चित्रे पाहताना पोरे पुढे सरकत होती. एका बाईंनी विचारले, "आम्ही सगळे खाली फरशीवर झोपतो, काय करावं?" उत्तर मिळाले की मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश इतका हलका असतो की झोपलेल्याला पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून जमेल त्याने खाटेवर झोपावे, नाहीतर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. दंश झालाच तर कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. अंग हलू न देता थेट सरकारी दवाखाना गाठावा. या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस एकच आहे. मंडळातल्या एका मुलीने हे सगळे तेलुगूत आणि मग कन्नडमध्ये पुन्हा सांगितले. आपल्या शहरात हे झालेच पाहिजे, आणि मंडळ ते न विसरता करते. या एका संध्याकाळसाठीसुद्धा कुणीतरी खोलीचे कुलूप काढायला हवे.

वक्ते नेहमी प्राध्यापकच असतात असेही नाही. एकदा एक मेंढपाळ बोलले. त्यांना खुर्ची दिली, ते खाली सतरंजीवर बसले आणि लांडग्याबद्दल तासभर बोलत राहिले. मेंढ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडल्यावर लांडगा कोणत्या बाजूने येतो, कुत्री आधी कशी भुंकतात आणि मग कशी गप्प होतात, वारा कुठून असला की तो जवळ येतो. लांडग्याने त्यांची कोकरे नेलेली आहेत. तरी ते म्हणाले, "त्यो बी ह्याच माळाचा हाय, आमच्यावानी." प्रश्नोत्तरांत महाविद्यालयातली मुले वहीत लिहून घेत होती. आमच्या शहरात मेंढपाळाच्या ज्ञानाला असा मान दुसरीकडे कुठे मिळतो, मला माहीत नाही.

माळावरून आठवले. नान्नजचे माळढोक पक्ष्याचे अभयारण्य 1979 साली झाले. सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवर. आम्ही आयुष्यभर त्या रस्त्याने गाड्या सोडल्या, पण खिडकीतून दिसणारा तो माळ म्हणजे पडीक जमीन, असेच आम्हा सर्वांच्या डोक्यात होते. आता माळढोक देशातच दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला तो दिसणे म्हणजे भाग्य. त्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. एवढा जड पक्षी, त्याला समोरची वीजतार लवकर दिसत नाही आणि ऐनवेळी वळताही येत नाही. हे ऐकल्यावर त्या माळाकडे बघण्याची नजरच बदलते.

वनखात्याच्या परवानगीने, ठरलेल्या वाटेने आमची फेरी तिथे जाते. माळढोक दिसला नाही म्हणून कुणी हिरमुसत नाही, कारण काय काय बघायचे ते आदल्या दिवशी कळलेले असते. काळविटांचा कळप, धाविक, माळटिटवी, चंडोल, आणि हिवाळ्यात गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे भोवत्ये नावाचे शिकारी पक्षी, तेही मध्य आशियाकडून आलेले. पायाखालचे गवतसुद्धा एक नसते. पवन्या वेगळा, मारवेल वेगळे, कुसळी तर साडीला चिकटून आपली ओळख स्वतःच करून देते. एका उन्हाळ्यात चालताना टिटव्या डोक्यावर येऊन ओरडू लागल्या. पुढे असलेल्या कार्यकर्त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवले. खड्यांच्या रंगाची अंडी कुठेतरी जवळच असणार. शोधायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत, आल्या पावली मागे फिरायचे. एका मुलाचा हात मोबाइलकडे गेला होता, तो त्याने खिशात परत घातला. पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर वाजवून त्यांना बोलवायचे नाही, घरट्याची जागा कुणाला कळवायची नाही, हे नियम मंडळात सगळ्यांना सारखे आहेत, मोठा कॅमेरा असलेल्यालाही.

दर पावसाळ्यात माळावर खड्डे खणून झाडे लावण्याचे कार्यक्रम होतात. हेतू चांगलाच असतो. पण गवताळ माळावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली की तिथली गवते दडपली जातात आणि मोकळ्या जागेत राहणाऱ्या पक्ष्यांचे घर जाते. झाडे शहरात लावावीत, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, तीही वड, कडुनिंब, करंज अशी आपली. माझ्या ओळखीच्या एका महिला बचत गटाने मंडळाचे व्याख्यान ऐकून आपला माळावरचा बेत रद्द केला आणि वस्तीतल्या रस्त्यावर कडुनिंब लावले, उन्हाळाभर घागरीने पाणी घातले. एका संध्याकाळच्या बोलण्याने एवढे होते.

ज्यांचे गुडघे चालत नाहीत त्यांच्यासाठी सिद्धेश्वर तलावाच्या काठची फेरी असते. पाणकावळे पंख वाळवत बसलेले बाकावरून दिसतात. थंडीत हिप्परगा तलावावर पट्टकादंब बघायला जातात. हे हंस हिमालय ओलांडून येतात, हे तुळजापूरला त्याच रस्त्याने जाणाऱ्या किती भाविकांना ठाऊक असेल? एस.टी.त मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाल्यापासून अशा फेऱ्यांना बायका जास्त येतात, हे मी डोळ्यांनी पाहते आहे. माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणी, ज्या निवृत्तीनंतर घराबाहेर फक्त लग्नाला आणि दवाखान्यात जात, त्या आता दुर्बिणीसाठी नंबर लावतात.

जागेचा प्रश्न नवा नाही. मुंबईत 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघे होते. महिन्यातून एकदा जमायचे, काय पाहिले ते एकमेकांना सांगायचे, एवढाच त्यांचा बेत होता. सुरुवातीला ते भायखळ्याच्या संग्रहालयात जमत. पुढच्याच वर्षी फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याने फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या पेढीत त्यांना जागा दिली. पुढे याच संस्थेतून पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींसारखा माणूस घडला. आज देशभर तिचे नाव आहे, पण तेव्हा तिलाही कुणीतरी खोली द्यावीच लागली होती.

आपले वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली याच सोलापुरात 5 नोव्हेंबर 1932 रोजी जन्मले, आयुष्य रानात घालवून अखेरीस इथेच परतले आणि जून 2025 मध्ये इथेच गेले. त्यांचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस, यांच्यामधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात चितमपल्लींच्या गावात पक्ष्यांवर बोलायला जागा मिळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून माझी विनंती शहरातल्या शाळा, महाविद्यालये, वाचनालये, मंगल कार्यालये आणि बँकांच्या सभागृहांना आहे. महिन्यातला एक शनिवार, संध्याकाळी सहा ते आठ. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस सोडून दिले तरी चालेल. एक पांढरी भिंत, विजेचे एक बटण, दोन पंखे आणि सतरंज्या एवढे पुरे. खुर्च्या ज्येष्ठांपुरत्या असाव्यात. जागा तळमजल्यावर असावी आणि रस्त्यावर दिवे असावेत, म्हणजे पूर्वभागातून येणाऱ्या बायकांना आठनंतर घरी जाताना भीती वाटणार नाही. झाडून घेण्याचे आणि कुलूप लावून किल्ली परत देण्याचे काम आम्ही काही निवृत्त बायका आळीपाळीने करू, तशी आमची तयारी झाली आहे.

आपल्याकडे, संपादक महोदय, मागणे एवढेच. 'आजचे कार्यक्रम' या सदरात शनिवारच्या अंकात व्याख्यानाची आणि रविवारच्या फेरीची सूचना द्यावी. विषय, वेळ, ठिकाण आणि 'प्रवेश विनामूल्य'. मजकूर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी स्वतः आपल्या कार्यालयात आणून देईन. जागा देऊ शकणाऱ्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवल्यास तो मी त्याच दिवशी घेऊन जाईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त एस.टी. कर्मचारी,
सोलापूर