बुधवारच्या बायबल स्टडीची आठवण

सर्व बंधू-भगिनींना जय ख्रिस्त 🙏 येत्या बुधवारी संध्याकाळी ७ वाजता नेहमीप्रमाणे चर्चच्या मागच्या हॉलमधे बायबल स्टडी आहे, विषय "टिकणारा आनंद", आणि वाचायचंय फिलिप्पैकरांस पत्र (प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेलं). फक्त ४ अध्याय आहेत हो, अर्ध्या तासात होतात, त्यामुळे प्लीज सगळ्यांनी घरून एका बैठकीत वाचून या, मागच्या वेळी निम्मे लोक तिथेच पानं शोधत होते 😄

वाचताना एक लक्षात ठेवा, "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" असं लिहिणारा पौल तेव्हा बेड्यांत होता, सुटका होणार की मरण येणार हेही नक्की नव्हतं. आणि याच फिलिप्पै शहरात आधी त्याला आणि त्याचा सोबती सीला याला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलेलं, तरी मध्यरात्री दोघं गाणी गात होते (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६, तेही वाचा). म्हणजे पगार वाढला, पोराला अॅडमिशन मिळाली की होतो तो आनंद वेगळा, तो चांगलाच आहे पण महिन्याभरात ओसरतो. पौलाचा ख्रिस्ताला धरून होता म्हणून बेड्यांतही टिकला. अर्थात त्याला दुःखच नव्हतं असं नाही, त्याचा सहकारी एपफ्रदीत आजारपणात मरायला टेकला होता तेव्हाची काळजी २ऱ्या अध्यायात स्पष्ट दिसते, आपण हे वाचताना पटकन पुढे जातो असं मला वाटतं.

ज्यांच्या घरी आजारपण किंवा दुखवटा आहे त्यांनी तर नक्की या, हसरा चेहरा घेऊन यायची काही सक्ती नाही. चहाचं यावेळी तरुण संघाकडे, किती जण येणार ते सोमवारपर्यंत इथेच कळवा.