शाळेत परतणारी मुले आणि हजेरीतला ‘इतर’ रकाना

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

करोनाकाळात बंद राहिलेल्या शाळा उघडल्या आणि ४ ऑक्टोबर २०२१ पासून राज्याच्या ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे आणि शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. शाळा उघडून तीन दिवसही झाले नव्हते, तोच एका कंपनीचे प्रतिनिधी आमच्याकडे आले आणि ‘मुलांना सुरक्षितपणे शाळेत आणण्यासाठी’ वर्गव्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर घ्यावे, असे सांगून प्रात्यक्षिक दाखवून गेले. अशी प्रात्यक्षिके सध्या अनेक शाळांमधून होत असणार. निर्णय घेणाऱ्या संस्थाचालकांपर्यंत आणि शिक्षण विभागापर्यंत एका वर्गशिक्षिकेचे म्हणणे पोहोचावे, म्हणून हे पत्र.

अशा सॉफ्टवेअरला माझा सरसकट विरोध नाही. माझ्या आठवीच्या वर्गाचा पट ४६ आहे आणि बाक २३ आहेत. एका बाकावर एकच विद्यार्थी बसवायचा, तर एक दिवसाआड दोन गट करण्यावाचून गत्यंतर नव्हते. पहिल्या दिवशी मी वहीच्या कागदावर आसनव्यवस्था आखली. दुसऱ्या गटाच्या मुलांनी मधल्या सुट्टीनंतर ती मोडून काढली, कारण दीड वर्षाने भेटलेली मैत्रीण शेवटच्या बाकावर आणि आपण पहिल्या, हे कुणाला सहन होणार? त्याच आठवड्यात एका मुलाला ताप आला आणि त्याच्या आजूबाजूला नेमके कोण बसले होते, हे आठवून लिहिण्यात माझी अख्खी दुपार गेली. (सुदैवाने तो साधा ताप निघाला.) सॉफ्टवेअरमध्ये गटवार आसनयादी, रोजची हजेरी आणि पालकांचे क्रमांक एकत्र असतील, तर हेच काम दहा मिनिटांत होते आणि संपूर्ण शाळा बंद करण्याऐवजी पाच-सहा मुलांच्या घरी निरोप देऊन भागते. एवढ्या एका उपयोगासाठीही मी ते आनंदाने वापरेन.

संगणक कक्षातही त्याचा फायदा आहे. शिक्षकाला आपल्या जागेवरून सर्व मुलांचे पडदे दिसतात, आपला पडदा त्यांना दाखवता येतो आणि प्रत्येकाच्या खांद्यावरून वाकून पाहण्याची गरज उरत नाही. यासाठी ‘वेयॉन’सारखे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि ते शाळेच्या अंतर्गत जोडणीवर इंटरनेटशिवाय चालते. आमच्या भागात वीज आणि रेंज यांची एकमेकींशी फारशी ओळख नसल्यामुळे ही बाब लहान नाही. विकतचे घेण्यापूर्वी असे पर्याय पाहिले जावेत.

मात्र प्रतिनिधींचा सारा भर फाटकाशी बसवायच्या, चेहरा ओळखून तापमान मोजणाऱ्या कॅमेऱ्यावर होता. मास्क लावलेली मुले ऑक्टोबरच्या उन्हातून दोन-तीन किलोमीटर चालत येतात, तेव्हा त्यांच्या कपाळाचे तापमान काय सांगणार? शिवाय संसर्ग झालेल्या अनेक मुलांना ताप येतच नाही. करोनाचा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, म्हणून वर्गाच्या खिडक्या उघड्या आहेत का, पंखा चालतो का आणि ज्या खिडकीची बिजागरी गंजली आहे ती कोण दुरुस्त करणार, हे प्रश्न आधीचे आहेत. कॅमेऱ्यासाठी जो खर्च सांगितला गेला, त्यात आमच्या सर्व वर्गांच्या खिडक्या दुरुस्त होऊन वर साबणाची वर्षभराची सोय झाली असती.

दुसरी शंका माहितीच्या मालकीची आहे. मुलाचा चेहरा, त्याचा आजार, घरातील कुणाला करोना झाला होता का, ही सारी माहिती कंपनीच्या सर्व्हरवर जाणार. ती तिथे किती दिवस राहील, या प्रश्नावर प्रतिनिधींनी ‘काळजी करू नका, मॅडम’ एवढेच उत्तर दिले. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच दिला, परंतु वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे विधेयक २०१९ मध्ये संसदेच्या संयुक्त समितीकडे गेले आणि ऑक्टोबर २०२१ पर्यंत तरी त्याचा कायदा झालेला नाही. खेड्यात याचा अर्थ फार ठोस असतो. गेल्या वर्षी आमच्या गावात एका मुलीच्या आजाराची बातमी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पोहोचली आणि त्या कुटुंबाला सार्वजनिक नळावर पाणी भरू देईनात. तेव्हा आजारपणाची नोंद फक्त वर्गशिक्षक व मुख्याध्यापक यांनाच दिसावी आणि महिन्याभरात ती पुसली जावी, ही अट करारात लेखी असल्याशिवाय कोणत्याही शाळेने सही करू नये.

पालकांनी रोज ॲपवर मुलाची प्रकृती भरावी, ही अपेक्षाही तपासून पाहावी. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२० च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ मोठी आहे, तरीही २०२० मध्ये तीनपैकी एकापेक्षा अधिक मुलांच्या घरी तो नव्हता, आणि जिथे आहे तिथे तो सकाळी वडिलांच्या खिशातून रानात जातो. साध्या फोनवर येणारा मराठी एसएमएस आणि शाळेत लावलेला कागदी तक्ता यांना पर्याय नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः लिहिते आहे, त्याकडे येते. प्रात्यक्षिकात गैरहजेरीचे कारण निवडण्यासाठी तीनच पर्याय होते : आजारी, रजा आणि इतर. सध्या, म्हणजे ऑक्टोबर २०२१ मध्ये, शाळेत येण्यासाठी पालकांची संमती लागते आणि उपस्थितीची सक्ती नाही, त्यामुळे मूल आले नाही तर त्याचा अर्थ काय लावायचा, हे हजेरीवरून कळत नाही. पालक घाबरलेले आहेत, मूल तापाने झोपले आहे, सोयाबीन काढायला गेले आहे की मुलीचे लग्न ठरले आहे? यांतील बहुतेक सारे ‘इतर’मध्ये जाते. त्यातच साखर कारखान्यांचा यंदाचा (२०२१-२२) गाळप हंगाम १५ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दसऱ्याला सुरू होत आहे. ऊसतोडीसाठी मुकादमाने दिलेली उचल (आगाऊ रक्कम) घरोघरी पोहोचली आहे. ज्या मुलांना दीड वर्षाने कसेबसे बाकावर बसवले, त्यांतील काही जण आठ-पंधरा दिवसांत आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जातील आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती ‘इतर’ कारणाने गैरहजर असतील.

अशा मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रकाची (जे दाखवून मूल स्थलांतराच्या ठिकाणच्या शाळेत बसू शकते) आणि हंगामी वसतिगृहांची सोय आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला ‘सरल’ या राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंद प्रणालीत स्वतंत्र क्रमांकही आहे. वर्गाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्थलांतर’ हे कारण नोंदवताच त्याच क्रमांकावर हमी पत्रक छापून मिळाले आणि सांगली, सातारा किंवा कोल्हापूरकडील कारखान्याजवळच्या शाळेला त्याची सूचना गेली, तर तेथील गुरुजी कोपीवर (ऊसतोड कामगारांच्या झोपडीवर) जाऊन त्या मुलाला नावाने हाक मारू शकतील. सलग तीन दिवस न आलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांना आपोआप मिळाली, तर मुलगी गाव सोडण्यापूर्वी तिच्या घरी जाता येईल. हे करायला चेहरा ओळखणारा कॅमेरा लागत नाही. चार-पाच नेमके रकाने आणि ते ‘सरल’शी जोडण्याची तयारी लागते.

शेवटी आम्हा शिक्षकांच्या बाजूने एक विनंती. आज मी कॅटलॉगमध्ये (हजेरीपटात) हजेरी भरते, पोषण आहाराची नोंद वेगळी करते, करोनाची माहिती केंद्रप्रमुखांना व्हॉट्सॲपवर पाठवते आणि उद्या कदाचित हेच सारे चौथ्यांदा सॉफ्टवेअरमध्ये भरेन. एकदा भरलेली हजेरी सर्व ठिकाणी ग्राह्य धरावी, असे परिपत्रक शिक्षण विभागाने दिवाळीच्या सुट्टीपूर्वी काढावे. तोवर माझ्या वर्गातील ज्या दोन मुलींनी ‘बाई, आम्ही दसऱ्यानंतर येणार नाही’ असे कालच सांगितले, त्यांची हमी पत्रके मी हाताने लिहून ठेवली आहेत.

आपली विश्वासू,
एक वर्गशिक्षिका, पाटोदा तालुका (जि. बीड)