आठवण: वीज आयोगाला पत्रं रविवारपर्यंत

मंडळी, वीजदराबद्दल वीज नियामक आयोगाला पाठवायच्या सूचना बऱ्याच जणांच्या अजून बाकी आहेत, प्लीज रविवारपर्यंत लिहून टाका. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे दर ठरवताना लोकांच्या सूचना-हरकती आयोगाला विचारात घ्याव्याच लागतात, म्हणून नुसतं बिल वाढलं एवढंच लिहू नका, हवामान बदलाचंही लिहा. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलर रात्रभर चालूच, मागणी वाढते आणि ती भागवायला पुन्हा कोळसाच जाळतात, कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांची राख कोणाच्या अंगणात पडते ते सगळ्यांना माहितीये. वरून कोराडीत ६६० मेगावॉटची आणखी दोन युनिटं प्रस्तावित! कोळशावरच्या नवीन युनिटांचा खर्च मान्य करण्याआधी सोलर-बॅटरीशी तुलना करा, ही मागणी पहिल्याच ओळीत टाका. आणि कॉपी-पेस्ट नको, आपापल्या शब्दांत लिहा.