शेतातली ज्योत फुकट जळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रसदरात एका वाचकाने लिहिलं होतं की, अंकलेश्वरच्या बाजूला तेलविहिरींजवळच्या शेतात रात्रंदिवस गॅस जळताना दिसतो, इकडे सिलिंडर परवडत नाही आणि तिकडे ही उधळपट्टी. राग समजू शकतो. आपल्या बडोद्यात पाइपने घरोघरी गॅस द्यायला 1972 साली सुरुवात झाली, त्यामुळे गॅस वाया जाताना बघवत नाही. पण मी त्या ज्योतीखाली नोकरी केली आहे, म्हणून थोडं लिहितो.

विहिरीतून वर येतं ते नुसतं तेल नसतं. तेल, पाणी, गॅस, बारीक वाळू, सगळा काला. प्रत्येक विहिरीची फ्लोलाइन, म्हणजे तिचा पाइप, जीजीएसला येते. जीजीएस म्हणजे ग्रुप गॅदरिंग स्टेशन, आसपासच्या विहिरींचा माल गोळा होतो ती जागा, पण आम्ही कुणी पूर्ण नाव घेत नसू. तिथे हेडरवर, म्हणजे सगळ्या फ्लोलाइनी जिथे जुळतात त्या पाइपावर, व्हॉल्व्ह फिरवून एकेक विहीर पाळीने टेस्ट सेपरेटरला लावायची आणि तिचं तेल, पाणी, गॅस वेगवेगळं मोजायचं. बाकीच्या विहिरी एकत्र ग्रुप सेपरेटरला. सेपरेटर म्हणजे लोखंडी पिंपच, आत गॅस वर आणि तेल-पाणी खाली. वरचा गॅस दाब असेल तर पाइपलाइनला जातो. शेवटच्या टप्प्यातला गॅस मात्र इतक्या कमी दाबाचा असतो की दाब वाढवणारा कॉम्प्रेसर असल्याशिवाय तो कुठे जाणार नाही. शिवाय एखादा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, तर तो गॅस सोडायला जागा हवी. ती जागा म्हणजे फ्लेअर. म्हणून तिथे एक लहान ज्योत कायम तेवत ठेवतात. गॅस न जळता तसाच हवेत गेला तर जास्त वाईट: मिथेन हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या हिशोबाने साधारण 28 पट भारी.

ती ज्योत विझली तर काय होतं, हे मी पाहिलंय. तेव्हा मी नवा ऑपरेटर, थंडीतली रात्रपाळी. आमच्याकडचं तेल मेणचट, थंडीत पाइपात थिजायचं. एका सेपरेटरचा फ्लोट, म्हणजे तेलाच्या पातळीबरोबर वर-खाली होणारा तरंगता गोळा, मेणाने अडकला आणि तेल बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बंदच राहिला. तेल वर वर चढत गॅसलाइनीत शिरलं, पुढे थेंब पकडणारं नॉकआउट ड्रमही भरलं, आणि थेट ज्योतीवर तेलाची गुळणी गेली. फ्लेअर भप्प झाला आणि विझला.

हे सगळं टळलं असतं. सेपरेटरमधली पातळी बाहेरून दाखवणाऱ्या लेव्हल ग्लासची काचही मेणाने तुंबली होती, त्यामुळे ती निम्मी लेव्हल दाखवत होती. ती दर फेरीला ड्रेन करून, पातळी पुन्हा चढते का ते बघायचं असतं. मी ती ड्रेन केली नव्हती. रात्री दोनच्या नोंदीत माझ्या अक्षरात 'लेव्हल नॉर्मल' आहे. ते रजिस्टर आता कुठे असेल, देव जाणे.

ज्योत विझल्यावर गॅस न जळताच बाहेर येत होता, आणि वारा पडलेला. गॅसमधला प्रोपेन-ब्यूटेनचा भाग हवेपेक्षा जड, तो उडून जात नाही, बांधाच्या खाली चरात बसतो. कुंपणापलीकडे रात्रीचं पाणी द्यायला आलेला शेतकरी खिशातून बिडी काढत होता. मी ओरडत धावलो. तो वैतागून म्हणाला, "शुं थयुं, भाई?" मी काही न बोलता त्याच्या हातातली काड्यापेटी घेतली आणि त्याला दंडाला धरून वाऱ्याच्या वरच्या अंगाला, जेवढा वारा होता तेवढ्याच्या, नेलं.

परत आलो तर मी लगेच फ्लेअर पेटवायला निघालो होतो. आमच्या शिफ्टच्या सिनियरनी हात धरला. त्यांनी आधी विहिरी बंद करायला लावल्या, मग ड्रम रिकामं करवलं, मग गॅस डिटेक्टर घेऊन स्वतः चरापर्यंत फिरून आले. सुई शून्यावर आली तेव्हा कुठे ज्योत लावली. मला मात्र सकाळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. (त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.)

तर ज्योत आहे म्हणजे चोरी आहे, असं नाही. पण पत्रलेखकाचा संशय मी पूर्ण खोडतही नाही. कॉम्प्रेसर बिघडून महिनोन्महिने पडून असेल, तर मोठी ज्योत ही खरोखरच उधळपट्टी. जागतिक बँकेने 2015 मध्ये रोजचं नेहमीचं फ्लेअरिंग 2030 पर्यंत थांबवायची मोहीम काढली, ती यासाठीच. ज्योत कंबरेएवढी आणि स्वच्छ असेल तर सोडून द्या. घराएवढी असेल, काळा धूर निघत असेल, तर गॅसबरोबर तेलाचे थेंब जातायत किंवा हवा नीट मिसळत नाही, हे ओळखावं. तेव्हा जरूर विचारा: कॉम्प्रेसर कधीपासून बंद आहे, दुरुस्ती कधी.

आणि बघायला जायचंच तर रात्री जाऊ नका. रात्री सगळ्याच ज्योती मोठ्या दिसतात. दिवसा जा, धूर दिवसाच दिसतो.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त ऑपरेटर
दांडिया बाजार, बडोदा