आधी रस्ता विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

मी घाटात सायकल ढकलत चढत होते आणि तुम्ही वरून उतरत होतात. पुढं निघून जाता आलं असतं तुम्हाला. तुम्ही ब्रेक लावलेत, सायकल भिंतीला टेकवलीत आणि माझ्या मागच्या चाकाशी उकिडवे बसून विचारलंत, "किती तारा गेल्या?" तीन गेल्या होत्या. तिन्ही मागच्या चाकाच्या, तिन्ही चेनच्या बाजूच्या. तुम्ही उरलेल्या तारा थोड्या सैल-घट्ट करून चाक ब्रेकला घासायचं थांबवलंत, माझ्या मागच्या कॅरिअरवरचं निम्मं सामान स्वतःच्या सायकलवर घेतलंत आणि उतरलेला घाट माझ्याबरोबर पुन्हा चढलात. त्या दिवशीचे आभार मी तिथंच मानले होते. हे पत्र त्यानंतर तुम्ही जे शिकवलंत त्यासाठी आहे. ते उघडपणे लिहिते आहे, कारण जुन्या धाटणीची टूरिंग सायकल जुळवायला बसलेल्या प्रत्येकाला वाटेत तुमच्यासारखं कुणी भेटेलच असं नाही.

माझी स्टीलची फ्रेम मला अजूनही जगातली सर्वांत देखणी वस्तू वाटते. बारीक नळ्या, नक्षीदार जोड, पुढच्या चिमट्याचा तो हलका बाक. ती मिळाल्यावर मी एकेक भाग त्या देखणेपणाला शोभेल असा शोधत गेले. 52 आणि 42 दात्यांचा चकचकीत क्रँक (पायडलचे दांडे आणि पुढची दातेरी चक्रं), मागं 14 ते 28 दात्यांचं फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा मागच्या चक्रांचा संच), 28 तारांची नाजूक चाकं, 25 मिलिमीटरचे टायर. सगळं जुळल्यावर सायकल चित्रासारखी दिसत होती. मग मी तिच्यावर 23 किलो सामान चढवलं आणि निघाले.

तुमच्या कामाच्या बाकाशी आले तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही आधी चाक सोडवायला घ्याल. तुम्ही वही पुढं केलीत आणि म्हणालात, "कुठं जाणार आहेस ते लिही. चढ किती, सामान किती, दिवस किती." पहिल्या संध्याकाळी आपण पान्याला हातसुद्धा लावला नाही. मी जरा हिरमुसले होते, हे आज कबूल करते.

त्या संध्याकाळचा हिशेब माझ्याकडे अजून जपून ठेवलेला आहे. मी 62 किलो, सायकल 15, सामान 23, मिळून 100. एवढं वजन 1000 मीटर उंच न्यायला सुमारे 9,81,000 जूल लागतात. दिवसभर दमछाक न होता मी पायांतून साधारण 100 वॅट काढू शकते असं धरलं, तर नुसत्या उंचीसाठी 9,810 सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास. 7 टक्के चढावर याच ताकदीनं वेग ताशी 5 किलोमीटरच्या आसपास पडतो. मग तुम्ही विचारलंत, "या वेगाला तुझे पाय मिनिटाला किती फिरत होते?" चाकाचा घेर 2.15 मीटर. 42 ला 28 लावलं की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटर जाते. मिनिटाला 83 मीटर जायचं, म्हणजे 26 फेरे. प्रत्येक फेरा जवळजवळ उभं राहून, गुडघ्यावर सगळा भार घेऊन. गुडघे का दुखले याचं उत्तर कागदावर समोर होतं, आणि इतके दिवस मी ते माझ्या व्यायामाच्या कमतरतेत शोधत होते.

पुढं 26 आणि मागं 34 दाते घेतले तर एका फेऱ्याला साधारण 1.64 मीटर, म्हणजे मिनिटाला 51 फेरे. घाट तोच, ताकद तीच. त्या एका ओळीनं माझा क्रँक ठरला: 48-36-26. मागं 11 ते 34. डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा भाग, तोही त्यातूनच ठरला. सर्वांत मोठ्या आणि लहान चक्रांच्या दात्यांतला फरक पुढं 22, मागं 23, बेरीज 45, तेव्हा लांब पिंजऱ्याचाच हवा (पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा हात), कारण आखूड पिंजरा एवढी ढिली चेन ओढून धरू शकत नाही. मी म्हणाले होते, एवढे लहान गिअर म्हणजे हार मानल्यासारखं वाटतं. तेव्हा तुम्ही सेंट-एतियेनच्या पॉल दे विवीची गोष्ट सांगितलीत. वेलोसिओ या नावानं लिहिणारा हा माणूस. 1887 मध्ये त्यानं सायकलचं नियतकालिक सुरू केलं आणि पुढं हयातभर अनेक गिअरांची बाजू लावून धरली. टूर द फ्रान्सनं डिरेलर चालवून घेतला तो 1937 मध्ये, आणि वेलोसिओ 1930 मध्येच गेला होता. शर्यतीवाले काय वापरतात हे बघून फिरस्त्यानं आपले गिअर ठरवू नयेत, हे मला त्या गोष्टीतून कळलं.

क्रँकच्या बाबतीत तुम्ही मला एका मोठ्या घोटाळ्यातून वाचवलंत. क्रँक ज्यावर बसतो ते चौकोनी टोकाचे एक्सल दोन प्रकारचे असतात, जपानी मापाचे आणि आयएसओ मापाचे. उतार दोन्हींचा सारखाच 2 अंश, म्हणून चढवताना काही चुकतंय असं हाताला जाणवतही नाही. पण आयएसओचा क्रँक जपानी एक्सलवर चढवला तर तो सुमारे साडेचार मिलिमीटर बाहेर राहतो आणि चेनची रेष बिघडते. मी नेमकी तीच जोडी घेणार होते. बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे ते एक्सल फ्रेममध्ये जिथं फिरतं त्या वाट्यांचे, आटेही तुम्ही आधी मोजून घेतलेत. इंग्लिश मापात उजवी वाटी उलट्या आट्यांची, इटालियन आणि फ्रेंचमध्ये दोन्ही सुलट. जोर लावण्याआधी माप घे, असं तुम्ही किती वेळा म्हणालात ते मी मोजलं नाही.

मागचं चाक हा तुमचा जिव्हाळ्याचा विषय, आणि आता माझाही. चाक एकदा फिरलं की प्रत्येक तार जमिनीकडे आल्यावर क्षणभर सैल पडते आणि वर जाताना पुन्हा ताणली जाते. दर किलोमीटरला 465 वेळा. चाक सैल बांधलेलं असेल तर तार वाकणाऱ्या कोपरातच थकते आणि एक दिवस तुटते. चेनच्या बाजूला मागच्या चक्रांना जागा द्यायची म्हणून हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) कडा मधल्या रेषेजवळ सरकलेली असते, त्यामुळं त्या बाजूच्या तारा जास्त ताठ असतात, आणि भार पडला की आधी त्याच जातात. म्हणून 36 तारा, टोकांना 2 मिलिमीटर आणि मध्ये 1.8, तीन-फुलीची बांधणी, म्हणजे प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडून जाते. मधला बारीक भाग थोडा ताणतो आणि कोपरावरचा मार वाचतो. तुम्ही बाजूला बसलात आणि चाक माझ्याकडून बांधून घेतलंत. आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढताना मी चार वेळा रडकुंडीला आले. एकदाही तुम्ही माझ्या हातून तारा पिळायची चावी घेतली नाहीत. शेवटी तारांच्या जोड्या मुठीत घट्ट दाबायला लावल्यात, त्या कडकडल्या, आणि चाक पुन्हा किंचित हललं. "आता पुन्हा काढ आउट," म्हणालात.

फ्रीव्हील गेलं आणि कॅसेट (हबच्याच फिरत्या भागावर सरकवून बसवायचा चक्रांचा संच) आली, कारण फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे खूप आत असतात, एक्सलचा बराचसा तुकडा आधाराविना राहतो आणि ओझ्याखाली वाकतो. नवं हब 130 मिलिमीटरचं, फ्रेमची मागची जागा 126. तुम्ही फ्रेम ताणलीत तेव्हा माझा जीव मुठीत होता. मग पुढच्या नळीला वळसा घालून दोरा दोन्ही बाजूंनी मागपर्यंत ओढलात आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायला लावलंत. दोन्ही सारखं भरलं, म्हणजे फ्रेम सरळ राहिली होती. स्टील आहे म्हणून हे जमलं. कार्बनच्या फ्रेमवर असं कुणीही करू नये.

टायर 35चे घेतले, मडगार्ड बसतील एवढी जागा ठेवून. चामड्याची सीट माझीच राहिली. तिच्यावर तुम्ही एका शब्दानंही बोलला नाहीत, आणि त्याबद्दलही आभार.

दुसरी संध्याकाळ रस्त्याची. मी आठ दिवसांचा बेत रोज 120 किलोमीटरच्या हिशेबानं आखला होता. तुम्ही त्यातला तिसरा दिवस तपासायला घेतलात आणि चढाचे किलोमीटर खोडून उंचीचे मीटर लिहायला लावलेत. 80 किलोमीटरात 1200 मीटर चढ असेल, तर उंचीलाच सव्वातीन तास. चढाचे 24 किलोमीटर वजा जाता उरलेले 56 ताशी 18 नं, म्हणजे तीन तासांहून थोडं जास्त. वर थांबे, पाणी भरणं, रस्ता चुकणं यांचे दोन तास. झाले साडेआठ. "आणि यात वारा धरलेलाच नाही," तुम्ही म्हणालात. त्या दिवसाचे 120 मग 80 झाले. पहिला दिवस निम्मा ठेवलात, कारण सामान कुठं घासतं, काय खुळखुळतं हे पहिल्याच दिवशी कळतं. मोठे चढ सकाळी. अंधारापूर्वीचा शेवटचा तास रिकामा. आणि प्रत्येक दिवसाच्या रेघेवर एक खूण, जिथून बेत सोडून सुरक्षित जागी वळता येईल. मी ती खूण करायला नाखूश होते. चौथ्या दिवशी समोरून वारा सुटला, तेव्हा त्याच खुणेवर वळले आणि दुपारीच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पाय ताजे होते.

सामान तुम्ही पुढच्या चिमट्याच्या दोन बाजूंना, एक्सलच्या उंचीवर, खाली आणलंत. जड वस्तू तिथं, हलक्या मागं. उतारावर हँडल इतकं शांत राहील असं मला वाटलं नव्हतं.

आता सहाव्या दिवसाचं सांगते, ते तुम्हाला अजून सांगितलेलं नाही. लादलेली सायकल उभी असताना उजव्या अंगावर पडली आणि डिरेलरचा कान, म्हणजे डिरेलर ज्यावर बसतो तो फ्रेमचा तुकडा, आत वाकला. आधी पोटात गोळा आला. मग तुमचं बोलणं आठवलं: सर्वांत मोठ्या चक्रावर टाकायच्या आधी पिंजरा तारांना लागत नाही ना ते हातानं चाक फिरवून बघायचं. लागत होता. अॅलन की डिरेलरच्या बोल्टमध्ये घातली, मागून डोळा लावून पिंजरा चक्रांच्या समांतर येईपर्यंत कान हळूहळू बाहेर ओढला, डिरेलरला तारांकडे फार आत जाऊ न देणारा लो स्क्रू थोडा आत घेतला. अगदी तंतोतंत झालं नव्हतं. पण खालच्या नळीवरचे घर्षणाचे शिफ्टर (गिअर बदलायचे, कुठंही थांबणारे खटके) मी तुमच्या आग्रहाखातर ठेवले होते. त्यांना खाचा नसल्यानं कानानं ऐकत, बोटानं किंचित पुढं-मागं करत प्रत्येक गिअर लागत गेला. पुढचे दोन दिवस त्यावरच काढले. रस्त्याच्या कडेला हात काळे करून बसले होते तेव्हा कुणाची वाट बघावी लागली नाही. काका, असं मला आधी कधीच वाटलं नव्हतं.

परत आल्यावर चाक स्टँडला लावून पाहिलं. एकही तार गेलेली नाही. खालच्या दांड्याला चिकटवलेल्या तिन्ही लांबीच्या जादा तारा तशाच आहेत. डाव्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरचा आउट दिसतो आहे. तो मीच काढेन, पण तुमच्या बाकाशी बसून. रविवारी सकाळी येते. वही आणते आहे, पुढच्या बेताची पानं कोरी ठेवली आहेत.

आपली,
घाटात भेटलेली