गिरणाऱ्याच्या मेकॅनिकदादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही कौतुक ऐकून घेत नाही. "बरं ताई, ठेवतो" म्हणून मोकळे होता. म्हणून चारचौघांत लिहितेय. वहिनी वाचून दाखवतील तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या अंगाला आमचं छोटंसं कृषी पर्यटन आहे. पाहुण्यांना बागेतून फिरवायला एक एटीव्ही घेतलीय, म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल असलेली, जाड टायरांची चारचाकी. श्रावणातल्या एका रविवारी एका पाहुण्यांनी, आम्ही नको नको म्हणत असताना, ती भरल्या ओढ्यात घातली. हेडलाइटपर्यंत पाणी आणि मधोमध गाडी बंद. आम्ही ट्रॅक्टर लावून ती ओढून काढली, तोवर त्यांचा व्हिडिओ काढून झाला होता.

मग शहरातून एक जाणकार आले. आल्या आल्या सेल मारायला सुरुवात. नुसतं खट्‌ व्हायचं, इंजिन फिरायचं नाही. बॅटरी उतरली तर आपल्या कारच्या बॅटरीला वायरी जोडून पुन्हा सेल. प्लग खोलून बघावा असं एकदाही वाटलं नाही त्यांना. शेवटी "इंजिन बसलं, नवीन टाका" म्हणाले आणि जो आकडा सांगितला, तो ऐकून आमचे हे ओट्यावर खालीच बसले. येण्याजाण्याचे पैसे मात्र चोख घेतले. दुसरीकडे फोन केला तर म्हणे टेम्पोत घालून आणा, पुढच्या आठवड्यात बघू. आमच्या एटीव्हीला पासिंग नाही, रस्त्यावरून नेता येत नाही, तेव्हा टेम्पोचं भाडं आलंच. वर बघू म्हणजे नुसतं बघूच.

तुम्ही ट्रॅक्टर आणि फवारणीचे ब्लोअर बघणारे. "असली गाडी मी कधी खोलली नाही, पण इंजिन ते इंजिन," हे तुम्ही आधीच सांगून टाकलंत. आमच्या धाकट्यानं चावीला हात लावला तसे ओरडलात, "सेल मारू नको! हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना जोर लावलास तर रॉड वाकेल." 2019 च्या पुरात नाशिकच्या सराफ बाजारापर्यंत पाणी शिरलं होतं, तेव्हाच्या भिजलेल्या मोटारसायकलींवर तुमचा हात बसलाय, हे मला नंतर कळलं.

प्लग काढून मगच सेल मारलात आणि त्या भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी थेट तुमच्या शर्टावर. तुम्ही हसलात. म्हणालात, "हे बाहेर आलं ना, झालं तर मग." फिल्टरचा स्पंज पिळला तर त्यातून ओढाच निघाला. ऑइल दूध जास्त झालेल्या चहासारखं पांढरट. ते बदलायचं, थोडं इंजिन चालवायचं, पुन्हा बदलायचं, हे सगळं तुम्ही सावकाश केलंत. त्याच्या तपशिलात शिरत नाही, मला तेवढं कळतही नाही.

मला सांगायचंय ते रेनकोटाचं. प्लग बाहेर होता आणि नेमकी सर आली. आमची शेड तीन बाजूंनी उघडी, वारा सुटला की पाऊस तिरपा आत येतो. आम्ही ताडपत्री शोधायला पळालो. परत येऊन बघते तर तुम्ही अंगातला रेनकोट काढून इंजिनावर धरलेला. एक टोक तुमच्या हातात, दुसरं धाकट्याच्या. पाठीवरून पाणी ओघळतंय आणि तुम्ही त्याला शांतपणे सांगताय, पट्ट्याच्या डब्याला खालून बूच असतं, तिथलंही पाणी काढायचं, नाहीतर पट्टा घसरतो. मी म्हटलं, दादा, भिजताय. तर म्हणालात, "मी वाळेन ताई. ह्याच्यात पाणी गेलं तर पहिल्यापासून सगळं."

गाडी आमची. बिघडवली पाहुण्यांनी. तुम्हाला तर मजुरी किती हेही ठरलं नव्हतं. नवीन इंजिनाचा आकडा तुम्हीही सांगू शकला असता. आम्ही रडत का होईना दिला असता, तुम्हाला कुणी विचारायलाही आलं नसतं. अशी माणसं आहेत म्हणून खेड्यात धंदा करता येतो हो. नाहीतर साध्या पंपाला पाणी लागलं तरी आम्ही शहराच्या तोंडाकडे बघत बसणार आणि शहर आमच्या खिशाकडे. त्या जाणकारांबद्दल राग आहे तो पैशाचा नाही. माहीत नाही, एवढे दोन शब्द त्यांना जड झाले, त्याचा आहे.

धाकटा तेव्हापासून डोकं खातोय. दिवाळीच्या सुट्टीत त्याला तुमच्याकडे पाठवू का? द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की तुमच्या दारात ब्लोअरची रांग असते, तेव्हा माणूस लागेलच. चहा आणायला लावा, पाने पुसायला लावा, ओरडा. पगाराचं नाव काढू नका. आणि ऑइल-प्लगपुरतेच पैसे घेऊन निघून गेलात, ती मजुरी त्याच्याच हाती पाठवते. ती परत आली तर मी स्वतः गॅरेजवर येऊन भांडेन.

आपली,
ओढ्याकाठची ताई